भावोजींचं फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स शहरात राहून बहरीनमध्ये नोकरी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या चुलतबहिणीचा नवरा निघाला. शरीराने ते राहायचे मनामाच्या जुन्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये, आम्हा सातआठ जणांबरोबर. नोकरी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपरची. पण मनाने ते चारपाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीत असत आणि तिथून इकडे फक्त जेवायला आणि हजेरी लावायला येत. तसे भावोजी ते एकट्या माझे. पण नव्वदीच्या सुरुवातीला मी त्या फ्लॅटमध्ये ट्रंक ठेवली आणि आठवड्याभरात ते गुहागरच्या सदू ड्रायव्हरचे, अकोल्याच्या वानखडेचे, पुण्याच्या अकाउंटंटसाहेबांचे आणि खालच्या मल्याळी शिंप्याचेही भावोजी झाले. त्यांचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं की नाही, शंकाच आहे.

या वेडाची सुरुवात एका पुस्तकाने झाली. त्यांच्या कंपनीतला एक गोरा इंजिनियर नोकरी संपवून मायदेशी निघाला तेव्हा त्याने घरातलं सगळं सामान दारात मांडून विकायला काढलं. लोकांनी मिक्सर घेतला, पडदे घेतले, मुलांच्या सायकली घेतल्या. भावोजी इस्त्री आणायला गेले होते, ते इटलीतल्या जुन्या गणराज्यांचा एक जाडजूड इंग्रजी इतिहास घेऊन परत आले. पुस्तकाची सुरुवातीची पानं गळालेली होती, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे भावोजींना कधीच कळलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. त्यांनी त्याला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलं, वर बारीक अक्षरात ‘श्री’ लिहिलं आणि ते उशाशी ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते चुरगळलेला शर्ट घालूनच कामावर जात होते. माझी बहीण चिपळूणजवळच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका. नोकरी सोडून ती कधी बहरीनला येणार नव्हती आणि भावोजीही तिला तसं म्हणत नसत. ती फोनवर मला हळूच विचारायची, “अरे, त्यांची तब्येत बरी आहे ना? परवा मला म्हणाले, तुमचा हेडमास्तर शिक्षकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून काढायला हवा, आणि दर दोन महिन्यांनी नवा.” मी म्हणायचो, तब्येत ठणठणीत आहे, फक्त माणूस फ्लॉरेन्सला गेलाय. तिला वाटायचं ते कंपनीच्या एखाद्या साइटचं नाव असेल.

भावोजींचा सिद्धान्त ऐकायला सोपा होता आणि तो त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला की झोपेतून उठवून विचारला असता तरी आम्ही सांगितला असता. कुठलंही शहर घ्या, त्यात दोन प्रकारची माणसं. मोठी आणि लहान. मोठ्यांना दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं असतं, लहानांना इतकंच हवं असतं की आपल्या डोक्यावर कुणी बसू नये. तर मग शहराच्या स्वातंत्र्याची राखण कुणाकडे द्यायची? त्या काळच्या विचारवंतांत यावर मोठी भांडणं होती. एक पक्ष म्हणे, शहाण्यासुरत्या, घरंदाज, चार बुकं शिकलेल्या थोड्या लोकांकडे द्या, व्हेनिसकडे बघा, कसं शतकानुशतकं टिकलं. दुसरा पक्ष म्हणे, छे, ज्याला लुटायचंच नाही त्याच्याकडे किल्ली द्या, म्हणजे लहानांकडे. भावोजी अर्थातच दुसऱ्या पक्षाचे. आणि ते हे सगळं भूतकाळात बोलत नसत. “काल फ्लॉरेन्समध्ये काय झालं माहितेय?” अशी त्यांची सुरुवात असे, आणि नवा आलेला माणूस घाबरून रेडिओ लावायला धावे.

वानखडे एसी टेक्निशियन. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो बघत मोठा झालेला, कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला विचार करायला लावणारा माणूस. भावोजींचं पहिलं व्याख्यान त्याने मांडी घालून पूर्ण ऐकलं आणि शेवटी म्हणाला, “हे शोधाले एवढ्या दूर कायले गेले भावोजी? हे तं आमच्या बापानं आमाले लहानपणीच सांगतलं होतं. फक्त गावाचं नाव दुसरं होतं.” दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. भावोजींनी त्याला कडकडून मिठी मारली. आपण शोधलेली गोष्ट अकोल्यात आधीच ठाऊक आहे, याचा त्यांना विलक्षण आनंद झाला.

कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, भला माणूस होता. ईदला मिठाई पाठवायचा, कुणाच्या घरी काही झालं तर रजा द्यायचा. आम्ही त्याचं कौतुक केलं की भावोजी मान हलवायचे. “चांगला आहे, मान्य. पण तो चांगला आहे म्हणून आपलं चांगलं चाललंय. उद्या त्याचं डोकं दुखलं तर?” मालक मारत नाही म्हणजे तुम्ही मोकळे असं होत नाही, तो मारू शकत नाही तेव्हा तुम्ही मोकळे, असं त्यांचं म्हणणं. कुणाची वस्ता लावून, म्हणजे ओळखीपाळखीने काम करून घेणं त्यांना सहन होत नसे. एकदा त्यांचं रेसिडेन्स कार्ड अडकलं, आणि अकाउंटंटसाहेब म्हणाले की आपल्या ओळखीचा एक अरब आहे, फोन करतो. भावोजींनी हात जोडले आणि उन्हात सहा वेळा खेटे घातले. कार्ड मिळालं त्या दिवशी त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि ते म्हणाले, “बघा, कुणाचेही उपकार नाहीत.” आम्ही त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला.

पण खरं फ्लॉरेन्स उभं राहिलं ते आमच्या मेसमध्ये. आधी आमची मेस अकाउंटंटसाहेब चालवत, म्हणजे काय शिजायचं ते ठरवत आणि बाकीचे शिजवत. भावोजींनी एका शुक्रवारी हे बंद केलं. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात गेल्या, ज्याची निघेल तो दोन महिने मेसचा प्रमुख, आणि मग पुन्हा चिठ्ठ्या. या प्रमुखाला त्यांनी त्या शहरातल्याप्रमाणे ‘झेंडेकरी’ असं नाव दिलं. पहिलीच चिठ्ठी निघाली सदूची. सदू उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “झेंडा कुठं हाय?” भावोजींनी ओट्यावरचं भांडी पुसायचं फडकं उचललं, झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. सदूने पुढचे दोन महिने ते खाली उतरवलं नाही. ते दोन महिने आम्ही फक्त सुकट खाल्ली. सकाळी सुकट, संध्याकाळी सुकट, शुक्रवारी बदल म्हणून सुकटीत बटाटा. अकाउंटंटसाहेब नाकाला रुमाल लावून गॅलरीत जेवत. त्यांनी तक्रार केली तेव्हा भावोजी स्वतः सुकटीचा घास घेत घेत म्हणाले, “लहान माणसाला राज्य दिलं की तो चुकणारच. मोठे काय कमी चुकतात? त्यांच्या चुकीला धोरण म्हणतात एवढंच.”

त्यांची एकनिष्ठता मात्र फ्लॉरेन्सपुरती नव्हती, अधूनमधून ते व्हेनिसलाही जाऊन येत. व्हेनिसवाले आपला प्रमुख निवडताना आधी चिठ्ठ्या टाकून काही माणसं काढत, ती माणसं दुसरी माणसं निवडत, त्यांतून पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा निवड, असं करत करत कुणालाच लबाडी करता येणार नाही अशा टोकाला पोचत. हे वाचल्यावर भावोजींना राहवेना. शुक्रवारी सकाळी मासळी बाजारात हमूर आणायला कुणी जायचं हे त्यांनी या पद्धतीने ठरवायला घेतलं. आम्ही माणसं मोजकी, त्यामुळे तोच माणूस कधी निवडणारा, कधी निवडला जाणारा, कधी बाद झालेला असं होऊ लागलं. सदू दोनदा बाद होऊन तिसऱ्यांदा स्वतःलाच निवडायला बसला. अखेर सर्वानुमते वानखडेची निवड झाली तेव्हा खालच्या मशिदीतून जुम्म्याच्या नमाजाची बांग ऐकू आली आणि बाजार खलास झाला होता. त्या दिवशी आम्ही खुब्जबरोबर, म्हणजे तिथल्या रोटीबरोबर अंडी खाल्ली. भावोजी एकटेच खुशीत होते. “मासा नाही मिळाला,” ते म्हणाले, “पण निवडणूक कशी निर्मळ झाली!”

आणि मग वाटाणे. फ्लॉरेन्समध्ये म्हणे गुप्त मतदान शेंगांच्या दाण्यांनी होई, काळा दाणा म्हणजे होकार आणि पांढरा म्हणजे नकार. कोकणातल्या माणसाच्या घरात काळे वाटाणे नाहीत असं होतच नाही, आणि पांढरे कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या किराण्याच्या दुकानात मिळत. प्रत्येकाच्या मुठीत एक काळा, एक पांढरा. हवा तो डब्यात टाकायचा, उरलेला खिशात. पहिल्याच मतदानाचा विषय भावोजींनी मोठ्या संकोचाने मांडला: दर शुक्रवारी जेवणानंतर त्यांनी त्या पुस्तकातलं थोडं मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगावं का? आठवड्यातली ती एकच दुपार, पोटभर जेवून एसीखाली आडवं होण्याची. मत गुप्त होतं हीच देवाची कृपा. आम्ही सगळ्यांनी, एकमेकांना न सांगता, एकमताने नकार द्यायचा ठरवला. आणि नकार म्हणजे काय? आमच्या कुणाच्याही डोक्यात काळं म्हणजे नाही, पांढरं म्हणजे हो, हेच जन्मापासून बसलेलं. भावोजींनी सांगितलेलं उलटं शास्त्र कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. डबा वर्तमानपत्रावर पालथा केला तर एकजात सगळे काळे.

भावोजी त्या वाटाण्यांवर वाकले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “मला वाटलं होतं,” ते म्हणाले, “एखाददुसरा तरी विरोधात जाईल.” त्यांचा आवाज असा झाला होता की खरी गोष्ट सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं, दर शुक्रवारी, आम्ही पेंगत पेंगत इटलीचा इतिहास ऐकला. आता लाज वाटते म्हणायला, पण हळूहळू तो आवडूही लागला. सदू तर एखाद्या शुक्रवारी ओव्हरटाइमला गेला की संध्याकाळी येऊन मला बाजूला घेऊन विचारायचा, “आज काय झालं? ते हाकलून दिलेले शेटलोक परत आले काय गावात?”

सदूचं आणि भावोजींचं नातं फार मजेचं होतं. सदू भावोजींच्याच कंपनीत मोठा ट्रक चालवायचा. त्याला भावोजींशी भांडल्याशिवाय जेवण जात नसे. भांडण कशावरूनही चाले, भातात पाणी किती यावरून, हिद्दच्या रस्त्याला सकाळी ट्रॅफिक का होतं यावरून, आणि पुढे पुढे व्हेनिस थोर की फ्लॉरेन्स यावरूनही. केवळ भावोजींना विरोध करता यावा म्हणून सदूने व्हेनिसचा पक्ष घेतला होता. गुहागरचा माणूस, चौथी शिकलेला, ताटावर मूठ आपटून म्हणायचा, “तुमचं ते फ्लॉरेन्स टिकलं काय? नाय ना? मग गप बसा!” भावोजी संतापाने थरथरत आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे की गावाकडे त्यांच्या मुलीचा शाळेत पहिला नंबर आल्याची बातमी आली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं.

मात्र हाच सदू एका माणसापुढे तोंड उघडत नसे, आणि ते म्हणजे अकाउंटंटसाहेब. तेही त्याच कंपनीत, आणि ओव्हरटाइमची शीटं त्यांच्या टेबलावरून पुढे जात. कुठल्याही मतदानात सदू आधी साहेबांकडे बघे. त्यांचं ताट तो स्वतः उचलून धुवायला नेई. साहेबांनी कधी तसं सांगितलं नव्हतं, ते काही वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना ते नीट दिसतही नसावं. भावोजींना मात्र ते दिसलं आणि दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम मांडला. ज्याची सही या खोलीतल्या दुसऱ्या माणसाच्या पोटावर चालते, तो या मेसचा सभासद राहू शकत नाही. पाहुणा म्हणून शुक्रवारी जेवायला यावं, मानाने यावं, पण खाट नाही आणि मत नाही. फ्लॉरेन्समध्येही बड्या घराण्यांना अधिकारपदापासून असंच लांब ठेवत.

अकाउंटंटसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे शिकलो, वर चढलो, हा माझा गुन्हा?” त्यांनी विचारलं. “उद्या डाळीत मीठ किती हेही तुम्ही वाटाणे टाकून ठरवाल. ज्याला कळतं त्याने ठरवावं, बाकीच्यांनी जेवावं, यात कुणाचा काय अपमान आहे?” भावोजी अगदी प्रेमाने म्हणाले, “साहेब, तुम्हाला कळतं हे सगळ्यांना मान्य आहे. पण तुम्ही चुकलात तर ते तुम्हाला सांगणार कोण? सदू सांगेल?” साहेबांनी सदूकडे बघितलं. सदू जमिनीकडे बघत होता. त्या नियमाला एक पोटकलमही होतं. हा नियम कुणासाठी मोडायचा झाला तर एकाचाही विरोध असता कामा नये. “कारण तो विरोध करणारा एकटा,” भावोजी म्हणाले, “बहुतेक वेळा सगळ्यांत लहान असतो.” नियम मंजूर झाला. पुढे साहेबांनी कुटुंब आणलं, सनाबिसला फ्लॅट घेतला आणि शुक्रवारी कधीमधी जेवायला येऊ लागले. तेव्हा ते पूर्वीपेक्षा जास्त हसत, हे मला कबूल केलंच पाहिजे.

आणि मग एक दिवस भावोजी संध्याकाळी घरी आले ते तोंडात मारल्यासारखा चेहरा करून. खाटेवर बसले, बूटही काढले नाहीत. आम्हाला वाटलं गावाकडे काही झालं. वानखडेने पाणी दिलं. भावोजी म्हणाले, “मला ट्रान्सपोर्टचा इनचार्ज केलं.”

आम्ही आनंदाने ओरडलो. सदूने तर ताट वाजवलं. भावोजी तसेच बसून होते. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रान्सपोर्टचा इनचार्ज, म्हणजे सदूच्या ट्रकचा इनचार्ज. सदूची शिफ्ट, सदूचा ओव्हरटाइम, सदूची गावाला जायची रजा, सगळ्यावर आता भावोजींची सही. “मी नको म्हटलं,” भावोजी सांगू लागले, “मुदीरला दोनदा म्हटलं, स्टोअरच बरं आहे. तो हसला, पाठीवर थाप मारली, अभिनंदनाचं मबरूक म्हणाला, खलास. वर म्हणतो, हिद्दला यार्डाजवळ क्वार्टर आहे, हवं तर राहा.” मग ते म्हणाले, “मला नको आहे ते क्वार्टर.”

मला नको आहे, हे शब्द त्यांनी ज्या तऱ्हेने म्हटले ते मी विसरलेलो नाही. भावोजींना बहरीनमध्ये दुसरं काय होतं? कंपनीत ते मुकाट्याने काम करत. क्रिकेट नाही, सिनेमा नाही, समुद्रावर फिरणं नाही. खिडकीजवळची ती लोखंडी खाट, आमचे वाटाणे आणि रोजचं भांडण, एवढाच त्यांचा संसार होता. तो जाणार, तोही त्यांच्याच नियमाने. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. नियम आपला, आपणच बनवलेला, भावोजींसाठी मोडला तर काय आभाळ कोसळेल? भावोजींनी हात वर केला. “असं नाही. शुक्रवारी रीतसर मतदान होईल. ज्याचा प्रश्न आहे त्याला मत नाही, म्हणजे मला नाही. आणि माझा आग्रह आहे, विचार करून टाका. मी आता मोठ्यांतला झालोय. मोठ्यांच्या बाबतीत प्रेमाने वागू नका.” हे सगळं ते इतक्या ठामपणे बोलले की एखाद्याला वाटावं, ट्रंक भरूनच बसलेत. पण शुक्रवारी सकाळी मी उठलो तेव्हा ते आपल्या खाटेची चादर धुऊन गॅलरीत वाळत घालत होते, आणि उशीला नवा अभ्रा घातला होता. जायचं असलेला माणूस चादर कशाला धुवेल?

जेवणं झाली. वाटाणे वाटले. काळ्याचा अर्थ हो, नियम मोडा, भावोजींना ठेवा, हे वानखडेने दोनदा समजावून सांगितलं, कुणाला पूर्वीची भानगड परत नको होती. एकेक जण डब्याजवळ जाऊन आला. भावोजी भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. वानखडेने डबा वर्तमानपत्रावर पालथा केला.

सगळे काळे. आणि त्यांच्यात एक पांढरा.

कुणीतरी चुकून टाकला असेल, असं मी म्हणालो. पुन्हा घेऊ या मतदान, असं दुसरा म्हणाला. भावोजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी मान हलवली. “मत गुप्त आहे. कुणी विचारायचं नाही. कुणाकडे बघायचंही नाही.” आणि ते स्वतः छताकडे बघू लागले, म्हणजे चुकूनही कुणाकडे नजर जायला नको.

तेव्हा सदू उठून उभा राहिला. “गुप्तबिप्त मला समजत नाय,” तो म्हणाला. “तो पांढरा माजा हाय.”

मी सदूवर भडकणारच होतो. ज्या माणसाने याला ताठ उभं राहायला शिकवलं त्याच्याच पायाखालची जमीन हा काढतो? पण सदूचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याला नीट लपवताही येत नव्हते.

“आज सकाळी भाताला करपट वास आला,” तो म्हणाला. “भावोजींनी केला होता भात. मी तोंड उघडलं, बोलणार, आणि माज्या मनात आलं, पुढच्या महिन्यात पोरीचं लगीन हाय, रजेचा कागद यांच्याकडं जायचा हाय. आणि मी गप बसलो. भात चांगला झालाय म्हणून बोललो. वो भावोजी, इतक्या वर्सांत मी तुमच्या भाताला चांगला म्हटलाय काय कदी?” त्याने बाहीने तोंड पुसलं. “तुमी हितं ऱ्हायलात तर मी तुमच्याशी कदीच भांडणार नाय. मला तसलं ऱ्हायचं नाय तुमच्यासंगती.”

भावोजी उठले. सदूसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता काही तरी मोठं बोलतील, त्या शहरातला एखादा दाखला देतील. ते म्हणाले, “करपलाच होता.” मग त्यांनी सदूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आयुष्यभर एखादी गोष्ट शिकवावी आणि ती एका माणसाला खरोखर कळावी, इतकं भाग्य फार थोड्या गुरुजींना लाभतं. ते लाभलं त्याच क्षणी भावोजींचं घर गेलं. दोन्ही गोष्टी त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसत होत्या आणि त्यातली कुठली जास्त होती हे मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी वाळलेली चादर त्यांनीच घडी करून ट्रंकेत ठेवली. सदूच्याच गाडीतून आम्ही त्यांचं सामान हिद्दला नेलं. क्वार्टर चांगलं होतं, दोन खोल्या, स्वतंत्र बाथरूम, नवा कोरा एसी. भावोजींनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि म्हणाले, “फार मोठं आहे.” सदूच्या रजेवर त्यांनी पहिल्याच दिवशी सही केली, पण ती करण्याआधी कंपनीचा नियम दोनदा वाचून घेतला, ओळख म्हणून एक दिवसही जास्त दिला नाही, आणि याचा सदूला इतका अभिमान वाटला की लग्नाच्या पंगतीत त्याने ते गावभर सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी भावोजी आमच्याकडे पाहुणे म्हणून आले. फ्लॅटची किल्ली अजून त्यांच्याच जुडग्यात होती, तरी त्यांनी खाली उभं राहून बेल वाजवली आणि कुणी दार उघडेपर्यंत थांबले. येताना सफरचंदं आणली होती, पाहुणे आणतात तशी. पहिला घास घेऊन त्यांनी सवयीने विचारलं, “भात कुणी केलाय?” सदू म्हणाला, “मी. का? काय वाईट हाय त्यात?” भावोजी म्हणाले, “चिकट झालाय.” सदू म्हणाला, “पाहुण्यांना पानात पडेल ते खावं लागतं, तुमच्या फ्लॉरेन्सात काय चालायचं ते तिकडं!” आणि दोघांची जी जुंपली ती ताटं सुकेपर्यंत चालू राहिली.

जेवणानंतर सभा सुरू व्हायची वेळ झाली तसे भावोजी स्वतःच उठले. पाहुण्याने सभेत बसायचं नसतं. कुणी काही म्हणायच्या आत ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आत विषय एकच होता, खिडकीजवळची रिकामी खाट कुणाला द्यायची. नवीन माणसं विचारून गेली होती. त्या वेळी झेंडेकरी होता वानखडे. त्याने खांद्यावरचं फडकं सारखं केलं आणि विचारलं, “बोला, काय करायचं?” अखेर सदू म्हणाला, “आज नको. पुढल्या शुक्रवारी बघू.” वाटाणे टाकले, सगळे काळे पडले. पुढच्या शुक्रवारी तोच विषय आणि तेच उत्तर, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी गॅलरीचं दार थोडं उघडलं आणि बाहेरून भावोजींचा आवाज आला, “हे बेकायदेशीर आहे! खाट अशी अडवून ठेवता येत नाही!”

“पाहुण्यांनी सभेत बोलायचं नाय!” सदू आतून ओरडला.

दार पुन्हा लागलं. बाहेरून भावोजींचं हसू ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि आमच्यापैकी कुणीही दार उघडून बघायला गेलं नाही.